दिवा हिरवा, सांधा तिसरीकडेच

मी फक्त एवढंच ठरवलं होतं की बटण दाबलं की माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेचा सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) बदलावा आणि बटणातला दिवा लागावा. बास. यापलीकडे माझी काही महत्त्वाकांक्षा नव्हती. यात माझा अख्खा मे महिना गेला, एक कॉइल गेली, अर्धा किलो शेंगदाणे गेले, आणि शेंगदाण्यांचं प्रकरण तर अजून मिटलेलं नाही.

आधी सांगून टाकतो की आमच्या वरच्या खोलीत सहा फूट बाय चार फुटाच्या प्लायवर एक रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे होणार आहे. गेली तीन वर्षं होणारच आहे. कुर्डुवाडी करायचं ठरवलेलं, कारण आजोळ बार्शीचं आणि लहानपणी कुर्डुवाडीला उतरून त्या छोट्या गाडीत बसायचो, 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे, तिचं डोक्यातून जात नाही ते नाहीच. आणि हिशोबही छान जमत होता, एचओ स्केल (मॉडेल रेल्वेचं एक माप) म्हणजे 1 ला 87, नॅरोगेजचे 762 मिलिमीटर भागिले 87 केले की पावणेनऊ येतात, एन गेजचा (त्याहून लहान मॉडेलचा) रूळ 9 मिलिमीटरचा मिळतो, झालं काम. ब्रॉडगेज मात्र 1676 भागिले 87 म्हणजे सव्वाएकोणीस यायला पाहिजे आणि एचओचा रूळ मिळतो साडेसोळाचा, कारण तो विलायतेतल्या 1435 च्या गेजचा हिशोब. म्हटलं पावणेतीन मिलिमीटरचा फरक कोणाला दिसतोय.

शेजारच्या काकांना दिसला. जिन्यातून वर आले, चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे ब्रॉडगेज न्हाय की बे."

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत. माझ्या या सगळ्या दुःखाचं मूळ तेच. त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं की स्टेशन मास्तरच्या पुढ्यात पॅनल असतं, त्यावर अख्ख्या यार्डाचा नकाशा, रूट लागला की त्या रुळावर दिव्यांची ओळ लागते, गाडी जिथं उभी तिथं लाल. सांध्याची सरळ बाजू म्हणजे नॉर्मल, वळती बाजू म्हणजे रिव्हर्स, दोन्हीला वेगळे दिवे. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याकडे तेव्हा साधे खटके होते, घरातल्या पंख्यालाही लाज वाटावी असले. सहा सांधे, प्रत्येकाला दोन बटणं, एक नॉर्मलचं हिरवं, एक रिव्हर्सचं लाल, बारा दिव्यांचं पॅनल डोळ्यासमोर लखलखायला लागलं.

(आता "काय दिवे लावलेस" हा विनोद आमच्याकडे पहिल्याच दिवशी आई, बायको, मुलगी आणि दूधवाला अशा चौघांनी करून संपवलाय, तुम्ही नाही केला तरी चालेल.)

पहिली फेरी सोलापुरातल्या नवी पेठेत. दुकानदाराला म्हटलं लाइटवालं पुश बटण पाहिजे, सोळा एमएम, बारा व्होल्ट.

"गणपतीच्या डेकोरेशनला का मालक?"

मे महिना चालू होता. नाही म्हटलं.

"मग गड्ड्यात स्टॉल टाकायलाय?"

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, ती जानेवारीत असते. मी म्हटलं नाही ओ, छोट्या रेल्वेला. त्यावर त्यानं माझ्याकडे जरा आदरानं बघितलं, म्हणाला, "पाळणेवाले का तुम्ही? आधी सांगायचं की." मग त्यानं दारावरच्या बेलचं बटण काढलं, आत बारीक निऑन, म्हणाला हेच न्या, लागतंय की. ते 230 व्होल्टचं असतं आणि माझी रेल्वे बारावर चालते हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं तोवर त्याचं दुसरं गिऱ्हाईक आलं, खरोखरच्या मिक्सरचं खरोखरचं बटण मागणारं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही.

मग ऑनलाइन मागवली. पॅनलसाठी ओळखीच्या बोर्डवाल्याकडून एसीपी शीटचा (दुकानाच्या पाट्या करतात त्या शीटचा) तुकडा आणला, त्यावर रुळांचा नकाशा रंगवला, बारा भोकं पाडली, त्यातली आठ गोल आली. चार जरा लंबगोल आहेत पण बटणाच्या कॉलरखाली झाकली जातात.

या बटणांना मागं पाच पाय असतात. तीन पाय खटक्याचे, कॉमन, एनओ (दाबल्यावर जोडणारा) आणि एनसी (दाबल्यावर तुटणारा), आणि दोन पाय दिव्याचे. खटका वेगळा, दिवा वेगळा. एकाच घरात राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, तारा टाकून तुम्हीच बोलतं करायचं. एनसी मला लागत नव्हता, म्हणजे प्रत्येकी चार, बारा चोक अठ्ठेचाळीस डाग द्यायचे. ऐकायला काही वाटत नाही. पण सोलापूर, मे महिना, वरची खोली, डोक्यावर स्लॅब, आणि फॅन बंद. फॅन लावला की सोल्डर गनचं टोक गार पडतं आणि कुर्डुवाडीची झाडं उडून थेट प्लॅटफॉर्मवर येतात. कपाळावरचा घाम टोकावर पडला की चर्र आवाज यायचा आणि खालून आई विचारायची फोडणी कोण देतंय. पहिल्या दिवशी रंगांची शिस्त होती, प्लसला लाल, मायनसला काळी, नॉर्मलला हिरवी, रिव्हर्सला पिवळी. दुसऱ्या दिवशी काळी संपली म्हणून चॉकलेटी घेतली. तिसऱ्या दिवशी दिवाळीच्या जुन्या माळेची वायर सोलली, तिच्यात सगळ्याच तारा हिरव्या. ते पॅनल आज कोणी उलटं करून बघितलं तर आत पावशेर शेवया सांडल्यासारखं दिसतं.

चौथ्या दिवशी चालू केलं. एक नंबरचं बटण दाबलं, सहा नंबरचा सांधा हलला. सहाचं दाबलं, एकचा हलला. मी बसून मल्टीमीटरनं बीप बीप करत सगळ्या तारा तपासल्या, सगळ्या बरोबर. तासाभरानं मुलगी सरबत घेऊन आली, आठवीत आहे, पॅनलकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मागून जोडलंय ना? मागून डावं उजवं उलटं होतं."

मी दोन मिनिटं काही बोललो नाही.

"मग स्टेशनचीच डावी उजवी बाजू बदला," ती म्हणाली, "नाहीतर नुसती नावं बदला, सगळीकडे तेच चाललंय की."

नाही बदलली. अठ्ठेचाळीस काढले, अठ्ठेचाळीस परत दिले.

आता सांधा बरोबर हलायला लागला पण दिवा? बटण दाबलेलं असेपर्यंत दिवा, बोट काढलं की गुल. कारण बटणं मोमेंटरी, बेलसारखी. म्हणजे माझं बोट जिथं आहे तिथंच दिवा लागणार. ते मला दिव्याशिवायही दिसतंय, बोट माझंच आहे.

इथं मी हुशारी केली. हुशारी केली नसती तर हा लेखही झाला नसता. मी परत बटणं मागवली, यावेळी लॅचिंगची, टेबल फॅनसारखी, दाबलं की आत बसतं आणि दिवा लागलेलाच राहतो. त्यातही गंमत अशी की या दुसऱ्या बटणांच्या दिव्यात करंट आवरणारा रेझिस्टरच नव्हता, पहिला दिवा लागला, फार सुंदर लागला, आणि टप्प करून गेला. मग बारा व्होल्टमधून लाल एलईडीचे दोन वजा, राहिले दहा, दहा मिलिअँपियर द्यायचे तर एक हजार ओहमचा रेझिस्टर, त्यावरचे पट्टे तपकिरी-काळा-लाल. हे मला बारावीत येत होतं, पंचेचाळिशीत एक दिवा मारल्यावर परत आलं.

रेझिस्टर लावले. तीन नंबरचं बटण दाबलं. खट् करून सांधा बदलला, दिवा लागला, लागलेलाच राहिला. मी हात मागं बांधून स्टेशन मास्तरसारखा उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, समाधानात वेळ कळत नाही.

सांध्याखालची मोटर म्हणजे खरं तर मोटर नसतेच, दोन कॉइल असतात, तिला फक्त एक झटका द्यायचा असतो, क्षणभर. त्या कॉइलमधून सतत करंट सोडायचा म्हणजे पाणीपुरीवाल्याला म्हणायचं की थांबू नको. मला हे माहीत होतं. खोटं कशाला बोलू, पाकिटावर लिहिलेलंही होतं. पण दिव्याच्या नादात मी विसरलो की बटण आत बसलं की दिव्याबरोबर कॉइलही चालूच राहते.

आधी वास आला. मग प्लायच्या खालून बारीक धूर.

त्याच वेळेला खाली बायको शेंगाचटणीसाठी दाणे भाजत होती. ती ओरडली, "अगंबाई, करपले वाटतं!" आणि मी वरून, स्विच बंद करता करता, ऐकत उभा राहिलो. ती म्हणत होती गॅस तर बारीक होता, दिसायला तर बरे दिसतायत, पण वास बघा की केवढा येतोय, आतून करपले असतील. आईनं पण दुजोरा दिला. अर्धा किलो दाणे. खाली जाऊन खरं सांगायला मला तेरा पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या. मी उतरलो, पण अर्ध्या तासानं, आणि म्हणालो, "अरे अरे, करपले का?"

ते दाणे मागच्या कुंडीत गेले. खारूताईनं खाल्ले, तिला काही झालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. लॅचिंगची बटणं काढली, जुनी मोमेंटरी परत लावली (किती डाग ते आता मी मोजणं सोडलंय), मध्ये कपॅसिटरचं युनिट टाकलं, ते एकदाच साठवलेला झटका देतं आणि बटण सोडेपर्यंत परत भरत नाही, म्हणजे कोणी बटणावर कोपर ठेवून झोपलं तरी कॉइल वाचते. आणि दिव्यासाठी त्याच झटक्यावर एक छोटा लॅचिंग रिले (विजेनं हलणारा खटका), झटका बसला की तो कूस बदलतो आणि दिवा धरून ठेवतो. बारा रिले नाही, सहा लागले. सगळं जमलं. मी काकांना बोलावलं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी चार नंबर नॉर्मल केला, हिरवा दिवा. गाडी सोडली. इंजिन चार नंबरवर आलं, सरळ जायचं सोडून वळलं बाजूच्या लूप लाइनकडे, आणि आडवं पडलं.

"दिवा तर हिरवा आहे," मी म्हटलं.

काकांनी वाकून सांध्यात नखानं टोकरलं. मी रुळात टाकलेल्या खडीचा एक कण सांध्याच्या सरकत्या पात्याखाली अडकलेला, पातं अर्ध्यात. "तुझा दिवा कुणाला विचारून लागतोय?" त्यांनी विचारलं.

"बटणाला. म्हणजे रिलेला. रिले बटणाला विचारतो."

"आणि सांध्याला कोण विचारायलाय?"

मी गप्प.

मग त्यांनी अर्धा तास शिकवणी घेतली. खऱ्या पॅनलवर दिवा बटणाचं ऐकून लागत नाही म्हणे, पॉइंटच्या पात्याला जोडलेले कॉन्टॅक्ट असतात, डिटेक्शन म्हणतात, पातं पलीकडं जाऊन नीट चिकटलं, लॉक झालं, की मगच दिवा. तोवर कुणी कितीही बटणं दाबली तरी सिग्नल पडत नाही. "साहेबानं हुकूम सोडला म्हणजे काम झालं असं असतंय होय? जाऊन बघाय लागतंय," काका म्हणाले, आणि हे बोलताना ते माझ्या सांध्याकडं बघत नव्हते, कुठल्यातरी जुन्या साहेबाकडं बघत होते.

म्हणजे सहा रिले काढायचे आणि प्रत्येक सांध्याखाली दोन मायक्रोस्विच (बारीक खटके) बसवायचे, दोन बाजूंना एकेक, पातं ज्या बाजूला पूर्ण सरकलं त्या बाजूचा दाबला जाणार, त्याच्यावर दिवा. काका मदतीला तयार झाले. पण वायरला हात लावायच्या आधी म्हणाले, "डिस्कनेक्शन मेमो दे." मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. चालू सांधा उघडायचा तर मेमो लिहून मास्तरची सही लागते, छत्तीस वर्षं असंच केलंय, आता म्हातारपणी नियम मोडणार नाही. शेवटी मुलीच्या गणिताच्या वहीतलं पान फाडून मेमो लिहिला, स्टेशन मास्तर म्हणून मुलीनं सही केली, वेळ टाकली, आणि काम झाल्यावर रिकनेक्शनचा दुसरा कागद. तो तिनं पहिल्यांदा नाकारला, कारण तारीख चुकली होती.

आणि झालं बरं का. खरंच झालं. बारा दिव्यांतले सहा नेहमी लागलेले, सांधा अर्ध्यात असला की दोन्ही विझलेले. रात्री खोलीतली लाइट बंद करून बघितलं तर ते पॅनल एखाद्या गावासारखं दिसतं, लांबून, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या खिडकीतून दिसावं तसं.

बायको चहा घेऊन वर आली, तिनंही एक बटण दाबून बघितलं, छान म्हणाली. एवढ्यात काकांनी टेबलावरची ती जुनी जळकी कॉइल उचलली, नाकाशी नेली.

"हां. हाच वास. त्या सोमवारी तुमच्या घरातनं आलता. मी हिला म्हणालो पण, कुणाची तरी कॉइल गेली बघ."

खोलीत शांतता. बायकोनं कपाची बशी खाली ठेवली. "सोमवारी?"

मी पॅनलकडे बघत राहिलो. तिथं सगळे दिवे अगदी बरोबर लागले होते.

दुसऱ्या दिवशी एक किलो शेंगदाणे मी आणले, अर्ध्याचे एक, म्हणजे दंडासकट. भाजायचेही मीच ठरलं, गॅस बारीक ठेवून, सारखं हलवत, फॅन बंद, तेच कपाळ, तोच घाम. बाहेरून तिनं विचारलं, "झाले का?"

"हो, झाले," मी म्हटलं.

ती आत आली, कढईतला एक दाणा उचलला, दोन बोटांत चोळून साल काढलं, तोंडात टाकला. माझ्याकडे बघितलं. अजून कच्चे होते.