म्हणे, प्रेम असेल तर थकवा येत नाही!

कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरच्यांना उपदेश करणारा एक मजकूर कौटुंबिक ग्रुपांवर निरनिराळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा सारांश असा: मनापासून सेवा करणारा थकत नाही. सेवा करणाऱ्याचा ताण वगैरे परदेशी खूळ आहे, आपल्याकडं कुटुंब असतं. पेशंटला आजाराचं नाव कळू देऊ नका, त्याच्यासमोर सतत हसत राहा, कारण कॅन्सर मनानं हरतो. आणि सेवेच्या बदल्यात सवलती मागणं म्हणजे सेवेचा बाजार. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या घरात तो जातो तिथं बहुधा तो वाचायलाही फुरसत नसलेली एक बाई असते, आणि तिला तो वाचून दाखवणारे चार जण असतात.

आधी थकव्याचं पाहू. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला पेशंट नाकातल्या नळीसह घरी येतो. दर दोन-तीन तासांनी गाळलेलं पातळ अन्न सिरिंजनं सोडायचं, आधी आणि नंतर पाणी घालून नळी मोकळी ठेवायची. पेशंटला टेकून बसवायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जायची भीती. गळ्याला भोक पाडून नळी बसवली असेल, तर तिथला चिकट कफ रात्री-अपरात्री मशीननं खेचायचा. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात, तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठायचं. दुखण्यासाठी मॉर्फिनची साधी गोळी असेल तर ती दर चार तासांनी, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून जोडीला पोट साफ करणारं औषध. नर्स हेच काम शिकून, पगार घेऊन, पाळी संपवून घरी जाते. घरच्या माणसाला ते डिस्चार्जच्या गडबडीत दाखवतात, आणि त्याची पाळी कधी संपतच नाही. यात थकवा न येणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

पण थकला म्हणजे प्रेम आटलं? कॅन्सर पेशंटच्या घरच्यांच्या जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी 1999 साली 35 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात ओझं, दिनक्रमाची मोडतोड आणि पैशाची चिंता यांवर प्रश्न आहेत, आणि त्यांच्या शेजारीच नातं घट्ट होणं, आयुष्याकडं नव्यानं बघणं यांवरही. एकाच माणसाच्या उत्तरांत दोन्ही सापडतात, हे गृहीत धरूनच ती बनवली आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा अभ्यास मांडला. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतला मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त आढळला. हा अभ्यास फक्त कॅन्सरचा नव्हता, त्यामुळं तो जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये. मात्र काळजी घेऊनही ताण न जाणवणाऱ्यांत अशी ठळक वाढ दिसली नाही, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं. म्हणजे ताण हलका करण्यासारखं काही करता येत असेल, तर ते करायला हवं.

‘आपल्याकडं कुटुंब असतं’ हा दावा सगळ्यात गोड आणि सगळ्यात पोकळ. कुटुंब असतं, पण फाईल एकाच्याच हातात असते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटं जात होती, पुरुषांची 76. घरकाम वेगळंच: बायकांची 299, पुरुषांची 97. ही सरासरी साध्या घरांची, त्यात मुलांना सांभाळणंही आलं. आजारपण आलं की ते या 299 मिनिटांच्या डोक्यावर येऊन बसतं. शिवाय परळच्या टाटा हॉस्पिटलात विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून माणसं येतात तेव्हा एकत्र कुटुंब काही गाडीत बसत नाही. सोबत येतो एखादा भाऊ किंवा बायको. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा, नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांना जागा पुरत नाही, ती ‘आपल्याकडं कुटुंब असतं’ म्हणून नक्कीच नव्हे.

कॅन्सर मनानं हरतो, याचं उत्तर थोडक्यात. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटांवरच्या 2007 सालच्या अभ्यासात मनःस्थितीचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध सापडला नाही. पेशंट आनंदी असावा, जरूर असावा. पण तो दगावला तर घरच्यांचं हसू कमी पडलं, असं सुचवणं क्रूरपणाचं आहे.

नाव लपवण्याचं तर कळतच नाही. हॉस्पिटलच्या दारावर कॅन्सर लिहिलेलं असतं, लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायच्या रांगेत शेजारचा विचारतो, ‘तुम्हाला कुठला?’ पेशंटला कळलेलं असतं, तो घरच्यांसाठी गप्प बसतो आणि घरचे त्याच्यासाठी. बँकेचं खातं, शेतीचे कागद, पुढं व्हेंटिलेटर हवा की नको, सगळे निर्णय मग एकटीनं घ्यायचे. तपशील किती ऐकायचा ते पेशंटला विचारता येतं. जागतिक आरोग्य संघटना पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेची, व्याख्या करताना पेशंटबरोबर कुटुंबाच्याही जगण्याचा दर्जा धरते, आणि ही सेवा फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नसते. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटांच्या घरच्यांशी नर्सनं फोनवरून नियमित बोलायचं, अशी एक चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. ज्यांच्याशी निदानानंतर लवकर बोलायला सुरुवात झाली, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं. एवढं आपल्याकडंही जमण्यासारखं आहे.

राहिला सेवेचा बाजार. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत असते. ती घ्या, सोबत्याचा अर्जही भरा. रेल्वेनं बाजार मांडलेला नाही. अवघड आहे ते रजेचं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, स्वतः कामगाराला कॅन्सर झाला तर लांबच्या रजेचे पैसे मिळतात. बायकोला झाला तर तिचा उपचार होतो, पण तिच्यासोबत थांबणाऱ्याचा पगार बुडतो. ग्रुपवर ज्यांना लिहायची हौस आहे, त्यांनी यावर लिहावं. नाहीतर पुढच्या केमोला सोबत जावं.