बाहेरचा कचरा आणि आईची खिडकी

रात्री दहानंतर खारघरला फोन लावला की आई आधी "थांब" म्हणते आणि उठून खिडक्या लावून येते. तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने उग्र वास येतो. डिसेंबरात गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टच्या भोकात जुन्या साडीची घडी कोंबलेली दिसली.

दादा घोडबंदरला राहतो. त्याचं म्हणणं, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायची सोय तळोज्यात आहेच, तर परराज्यांचा माल घेऊन चार पैसे कमावले तर बिघडलं कुठे? "तुमच्या जर्मनीतही घेतातच की!"

घेतात. मी कासेलला राहतो, तिथून तासाभरावर हेर्फा-नॉयरोडे आहे. 1972 पासून तिथल्या पोटॅशच्या खाणीत, शेकडो मीटर खोल मिठाच्या थरांत, परदेशांतला विषारी कचराही पैसे घेऊन ठेवतात. आलेल्या मालाचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले असतात. त्यामुळे पैसे घेणं हेच पाप, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. (हा देश धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. याच पोटॅश उद्योगाने वेरा नदी खारट करून टाकली.)

पण भोपाळचा कचरा इथे आला नाही. युनियन कार्बाइडच्या आवारातला सुमारे साडेतीनशे टन माल जर्मनीत आणून जाळायचं 2012 मध्ये घाटत होतं. इथले लोक विरोधात गेले आणि सप्टेंबरात प्रस्ताव बारगळला. त्याआधी अंकलेश्वरसाठी गुजरातने आणि नागपूरसाठी महाराष्ट्राने नकार दिला होता. अखेर जानेवारी 2025 मध्ये 12 कंटेनर मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला पोचले. तिथले लोकही रस्त्यावर उतरले, दोघांनी तर स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. तरीही जूनअखेर 337 टन कचरा तिथेच जाळला गेला. इथल्या माणसांचं "नको" ऐकलं गेलं, पिथमपूरकरांचं नाही. मला हे लागतं.

आपल्या 2016 च्या नियमांनुसार असा माल अंतिम विल्हेवाटीसाठी परराज्यात न्यायचा तर दोन्हीकडच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. मंडळांचं! शेजारच्या गावाचं नाही, सोसायटीचं नाही. प्रकल्प उभा राहताना फार तर एकदा जनसुनावणी होते; पुढे कुठून काय येतंय हे सांगायला कुणी दारात येत नाही. कासाडी नदीच्या प्रदूषणासाठी तिथल्या स्थानिकांना राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं, ते उगाच नाही.

बाहेरचा माल घ्यायचाच असेल तर टनामागे ठरलेला वाटा आसपासच्या वस्त्यांना द्या. आज कोणत्या राज्यातून काय आलं आणि चिमणीतून काय निघालं, हे मराठीत, नाक्यावरच्या फलकावर लावा. आणि त्या वस्त्यांनी नको म्हटलं तर ट्रक निघायच्या आधीच थांबवा. एवढं झालं तर मी दादाच्या बाजूचा.

तोवर माझं उत्तर नाही. दादा, कमाईचा हिशोब तू घोडबंदरला बसून मांडतोयस, खिडक्या आई लावतेय.