लोणारचे विवर ज्वालामुखीचे मुख नव्हे

नागपुरातील भटकंतीच्या गटांमध्ये सध्या एक संदेश पुढे ढकलला जात आहे. त्याचा आशय असा : लोणार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड असून उल्केची गोष्ट पर्यटकांसाठी रचलेली आहे, तळाशी लोखंडाचा प्रचंड गोळा असल्याने तेथे होकायंत्र चालत नाही, २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हापासून ते विषारी आहे, म्हणून समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जाताना वाट वाकडी करून वीस मिनिटे वरूनच पाहावे, फोटो काढावेत आणि निघावे. उल्का नाकारून लगेच पुढच्या वाक्यात तिचेच लोखंड तळाशी ठेवणे ही या संदेशाची खासियत म्हणावी लागेल.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. लोणारचा खडक बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली आणि त्यानंतर पुष्कळ काळ अभ्यासकही त्याला ज्वालामुखीजन्यच मानत होते. नागपूरकराला हा खडक परका नाही. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती याच दख्खनच्या लाव्ह्याची आहे, आणि शहराच्या पूर्वेला गेले की हा लाव्हा संपून फार जुने खडक लागतात. परंतु खडक ज्वालामुखीचा असला म्हणून त्यात पडलेला खड्डाही ज्वालामुखीचाच, हे अनुमान टिकत नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवराच्या वयाबद्दल मात्र दोन आकडे सांगितले जातात : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. यांतला कोणताही धरला तरी खड्डा पडला तेव्हा खालचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपासून थंड पडलेला होता.

निर्णायक पुरावा खडकातल्या एका काचेचा आहे. बेसॉल्टमधील फेल्डस्पार या खनिजाला अतिप्रचंड धक्का बसला तर ते न वितळता, आपला आकार राखून, काचेसारखे होते. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या उष्णतेने खनिज वितळेल, पण असा दाब तेथे निर्माण होत नाही. सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडली तेव्हा गाळाच्या जाड थराखाली चुरडलेला खडक आणि त्यात हे मास्केलिनाइट सापडले, आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी संशोधकांनी ते प्रसिद्ध केले.

चालणाऱ्या माणसाला सूक्ष्मदर्शक लागत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. विदर्भात लाव्ह्याचे थर सहसा भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक सपाट बसलेले असतात. लोणारच्या काठावर तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी तर उलटून पडलेले आहेत. मागच्या हिवाळ्यात काठाच्या बाहेरच्या उतारावर एका खणलेल्या बाजूशी मी बराच वेळ थांबलो होतो. राखाडी भुकटीत तळहाताएवढ्या काळ्या कपच्या कशाही रुतलेल्या होत्या. सगळ्यांच्या कडा धारदार होत्या, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत एकही नव्हता, आणि थराची एक सरळ रेषही दिसत नव्हती. आतून उडालेला खडक बाहेर येऊन पडला की असाच ढीग होतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी ताज्या लाव्ह्याचे ओघळ दिसायला हवेत; येथे जुन्याच खडकाचा चुरा आहे.

होकायंत्राचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहयुक्त चुंबकीय खनिज असते, त्यामुळे एखाद्या दगडाला होकायंत्र चिकटवून धरले तर सुई हलू शकते, आणि हे दख्खनच्या कुठल्याही डोंगरावर घडू शकते. राहिला लोखंडाचा गोळा. एवढ्या वेगाने आदळलेल्या उल्केचा बहुतांश भाग वितळून व वाफ होऊन जातो. अखंड गोळा तळाशी बसून राहत नाही.

पाण्याचे म्हणाल तर जून २०२० मधला गुलाबी रंग खराच होता. नागपूर खंडपीठापुढेही तो विषय आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. पाणी घटले, क्षार वाढले आणि हे जीव फोफावले. नमुना स्थिर ठेवल्यावर रंग तळाशी बसून वरचे पाणी निवळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

मात्र आपल्या बाजूचे लोकही प्रतिवादाच्या भरात ‘जगातील एकमेव बेसॉल्टमधील विवर’ आणि ‘भारतातील एकमेव उल्काविवर’ असे लिहून मोकळे होतात, तेही बरोबर नाही. ब्राझीलमधील व्हार्जेआव आणि व्हिस्ता अलेग्रे ही विवरेही बेसॉल्टमध्येच आहेत, आणि मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातले ढाला आहे. लोणारचे मोल त्याचा आकार अजून शाबूत असण्यात आहे.

आता वीस मिनिटांचा सल्ला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे नुसत्या काठाची फेरी सहा किलोमीटरांच्या आसपास होते, आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. वरून गोल पाणी दिसते आणि फोटोही चांगला येतो. पण कललेले थर कड्याच्या बाजूने चालल्याशिवाय कळत नाहीत, आणि उतारावरची पानगळीची झाडे, मग चिंचा, मग बाभळी आणि शेवटी पांढरट क्षारांचा चिखल हा क्रम पायवाटेने खाली उतरल्याशिवाय दिसत नाही. हे अभयारण्य असल्याने ठरलेली वाट सोडू नये आणि दगड उचलून आणू नयेत. नागपूरहून जाणाऱ्याने आदल्या रात्री मेहकर किंवा लोणारला मुक्काम करावा, म्हणजे ऊन चढायच्या आत काठ चालून होतो. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. सरोवराचे पाणी विषारी नसले तरी इतके क्षारयुक्त आहे की तहान त्याने भागणार नाही.