आजीचा ट्रक

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला शांततेची ओढ लागावी, यात नवल नाही. आमच्या खिडकीखालून दिवसा मोटारी आणि रात्री गुजरातकडे निघालेले कंटेनर जातात, आणि त्यांच्यात चुकून खंड पडलाच तर तो भरून काढण्याची जबाबदारी गेली काही वर्षे मेट्रोच्या कामाने निष्ठेने पार पाडली आहे. तेव्हा मे महिन्यात चार वर्षांच्या कन्येला घेऊन, पाठीवर सॅक टाकून हिमाचलातल्या किन्नौर जिल्ह्यातील कल्पा या गावी जायचे आणि चार दिवस नुसते शांत बसायचे, असे आम्ही ठरवले. “शांत बसायला एवढ्या लांब कशाला जायला हवं?” असे आईने विचारले, मात्र विचारता विचारता तिने मेतकुटाची बरणी आणि गुळपापडीच्या वड्यांचा डबा माझ्या सॅकमध्ये कोंबलाही होता.

बॅकपॅकिंग म्हणजे पाठीवर मावेल तेवढाच संसार घेऊन हिंडणे, असे मी लग्नाआधी मानत असे. आता त्या साठ लिटरच्या सॅकमध्ये माझ्या वाट्याला दोन टीशर्ट आणि एक टूथब्रश एवढीच जागा आली होती. उरलेल्या जागेत कन्येचे स्वेटर, कन्येचे औषध, कन्येची उशी आणि एक कापडी हत्ती होता. शिवाय शिमल्याच्या चढावर “मी दमले” असे जाहीर करून तिचे पंधरा किलो माझ्या पोटाशी आले, तेव्हा मागे सॅक आणि पुढे कन्या अशी कावड सांभाळत मी हिमालय पाहिला. नेमके सांगायचे तर हिमालयाचा जो भाग कन्येच्या डोक्याआड येत नव्हता, तेवढाच पाहिला.

शिमल्याहून कल्पाजवळच्या रिकाँग पिओपर्यंतच्या बसला सुमारे दहा तास लागतात. रामपूरच्या पुढे रस्ता सतलजच्या कड्याकड्याने जातो आणि काही ठिकाणी तर तो कातळ कोरून काढलेला आहे. डोक्यावर खडकाचे छप्पर, खाली खोल दरी, आणि समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने निमूटपणे मागे सरकायचे. नेमक्या अशाच जागी आमची कन्या “बाबा, शू” असे म्हणत असे. पहिल्या खेपेस चालकाने आरशातून माझ्याकडे रागाने पाहिले. तिसऱ्या खेपेस मात्र बस थांबताच अर्धी बस तिच्यापाठोपाठ खाली उतरली, आणि एका आजोबांनी जाता जाता तिच्या डोक्यावरून कृतज्ञतेने हात फिरवला.

कल्पा २,९६० मीटर उंचीवर आहे. आमच्या मुक्कामाच्या घरासमोर सफरचंदांची बाग, बागेपलीकडे दरी, आणि दरीपलीकडे ६,०५० मीटर उंचीचे किन्नर कैलास शिखर एवढे ऐसपैस उभे होते, की त्याच्यासमोर मोठ्याने बोलण्याचासुद्धा संकोच वाटावा. बायकोने आणि मी चहाचे पेले हातात घेतले आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी कन्येने माझी बाही ओढली आणि विचारले, “बाबा, आवाज का बंद केला?”

रिमोट माझ्याकडे नाही, हे तिला पटले नाही. आवाज बंद आहे, तो कोणीतरी चालू केला पाहिजे आणि कोणी करत नसेल तर तो आपणच करावा, अशा निष्कर्षाला ती संध्याकाळपर्यंत आली. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, त्यामुळे भात पातेल्यात शिजता शिजत नाही. तो होईस्तोवर तिने भुकेचा जो पुकारा केला, तो समोरच्या डोंगराने ऐकून घेतला असावा. शेवटी यजमानीणबाईंनी कुकर काढला. पहिली शिट्टी होताच कन्या एकदम गप्प झाली. परगावी ओळखीचे माणूस भेटावे तसा तिचा चेहरा उजळला, आणि नंतर मेतकूट-भात खातानाही ती आणखी एका शिट्टीची वाट पाहत राहिली.

स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्यामसरन नेगी याच गावचे. पुढे हिमवर्षावाने वाटा बंद होतील म्हणून इथे मतदान आधीच घेण्यात आले, आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी मत दिले. मत देण्याची ही परंपरा आमच्या कन्येने रात्री दोन वाजता पुढे चालवली. फक्त मतदान गुप्त ठेवले नाही. तिला झोप येत नव्हती, घरी जायचे होते, आणि हत्तीलाही घरी जायचे होते. ठाण्यात तिचे रडणे शेजारच्या खोलीतसुद्धा नीट पोहोचत नाही, ते कंटेनरखाली दबून जाते. इथे पहिल्या हुंदक्याला बागेतला कुत्रा जागा झाला, दुसऱ्याला वरच्या वाडीतले कुत्रे, आणि पुढच्या पाच मिनिटांत उतारावरच्या घरांमधून एकामागून एक दिवे लागू लागले. आपले कुटुंब गोंगाटी आहे, हे मला उभ्या आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. तेवढी शांतताच आजवर लाभली नव्हती.

अखेर बायकोने सासूबाईंना फोन लावला. घाबरून उठलेल्या आईला आधी सगळे क्षेमकुशल सांगावे लागले, मग ती गॅलरीत गेली आणि दहा मिनिटांचा घोडबंदर रोड मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तिने पाठवला. त्यात कंटेनर होते, मागे जाणाऱ्या डंपरची टीं टीं होती, कर्कश हॉर्न होता, आणि मधूनच आईचे “येतंय का गं ऐकू?” होते. फोन उशाशी ठेवून आवाज पूर्ण वाढवला. दुसरा कंटेनर जाईपर्यंत कन्या झोपली. बंद केला की जागी होई, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावत आम्ही दोघे आळीपाळीने उजाडेपर्यंत बसून राहिलो.

सकाळी यजमान परोठे घेऊन आले, तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते. रात्रभर बागेच्या मागे कुठला तरी ट्रक फसल्याचा आवाज येत होता, असे ते हिंदीत सांगू लागले. टॉर्च घेऊन दोनदा वरच्या रस्त्यापर्यंत जाऊन आलो, पण ट्रक काही दिसला नाही, म्हणाले. मी परोठ्यात तोंड घातले. कन्येने मात्र मान वर करून, त्यांना समजेल अशा हिंदीत सांगितले, “वो मेरी आजी का ट्रक है.”

यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बायकोकडे पाहिले, आणि अतिशय आदराने विचारले, “माताजी अकेली चलाती हैं?”