रॅली कोणाची, ते आधी सांगा!

रात्री साडेनऊला शाळेच्या पालक-ग्रुपवर मेसेज: ‘उद्या रॅली. पांढरा शर्ट, पाण्याची बाटली. उपस्थिती सक्तीची.’ अहो, पण रॅली कोणाची? संमतीपत्रावर नुसतं ‘जनजागृती’. आयोजक, मार्ग, सुटायची वेळ, सोबत शिक्षक किती, कशाचाच पत्ता नाही. सकाळी पोरांच्या हातात फलक, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक पक्षाचं चिन्ह! प्रचारात मुलं वापरू नका, असं निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलंय; म्हणून प्रचाराचंच नाव ‘जनजागृती’ होत असावं. आंदोलनाला विरोध नाही हो. नववीतल्या पोरीला स्वतःहून आझाद मैदानात जायचंय? पोलिसांची परवानगी आहे ना ते विचारा, सोबत जा. पण चौथीतल्या पोराने ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास घोषणा द्यायच्या? अर्थ विचारला तर म्हणतं, ‘बाईंनी सांगितलं.’