‘पुरुषांना कुठे होतात असले आजार?’

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘खाण्याचे आजार म्हणजे मॉडेल व्हायला निघालेल्या मुलींची थेरं. मुलगा असेल तर नीट जेवायला घाला, व्यायामाला लावा, झालं.’ खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही.

मुलींचेच आजार? १६८९ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरने अन्न सोडून झिजत गेलेल्या दोन रुग्णांची हकिगत छापली. त्यातला एक १६ वर्षांचा मुलगा होता. पुढे ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न सोडण्याच्या आजाराच्या, निकषांत ‘पाळी बंद होणे’ घातलं गेलं आणि मुलगे त्यात बसेचनात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून ती अट २०१३ साली निघाली.

मॉडेल म्हणाल, तर ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी २००८ साली आपल्याला बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन ओकून टाकण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफनेही तेच सांगितलं आहे.

‘नीट जेवायला घाला.’ अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुण एका प्रयोगासाठी सहा महिने अर्धपोटी राहिले, सगळे पुरुष. वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही काहींची भूक कित्येक दिवस भागेना. ताट वाढलं की मन लगेच ताळ्यावर येतं, असं नसतं.

आणि व्यायाम! माझा मावसभाऊ सख्ख्या बहिणीच्या हळदीला स्वतःचा डबा घेऊन आला होता. आत उकडलेल्या अंड्यांचा फक्त पांढरा भाग. होळीला अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि रात्री गच्चीवर दोन तास बैठका काढत होता. दंड शर्टात मावत नव्हते, तरी ‘बारीक दिसतो’ म्हणून भर मे महिन्यात फुल बाह्या घालायचा. शरीरसौष्ठव करणाऱ्यांमधला हा प्रकार अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘उलटा ॲनोरेक्सिया’ म्हणून मांडला. अशा मुलाला आणखी व्यायामाला लावणं म्हणजे आगीत तेल.

मावशी कौतुकाने सांगायची, ‘काय कंट्रोल आहे पोराचा!’ आम्हीही माना डोलावल्या. त्याला डॉक्टरांकडे न्यायला दोन वर्षं लागली. तिथे पहिल्यांदा ऐकलं ते हे: ‘तब्येत तर मस्त कमावलीय, प्रॉब्लेम काय आहे?’ तो काहीच बोलला नाही. बाह्या खाली ओढून बसून राहिला.