‘पिशवीच काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: “गर्भपिशवीच्या तोंडाला जखम म्हणजे कॅन्सरची सुरुवात. तुकडा कापला तर तो पसरतो, पुढं मूलही राहत नाही. मुलं झाली असतील तर पिशवीच काढा.”

आधी ती ‘जखम’. तोंड लाल दिसलं की सर्रास तसं म्हणतात. तरुणपणी, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसतं, म्हणून ते लाल. तो कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीचा बिघाड म्हणजे पूर्वस्थितीही नाही. पूर्वस्थिती ठरते पॅप (तोंडाच्या पेशींची) किंवा एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) चाचणी, मग कॉल्पोस्कोपीनं, म्हणजे भिंगातून तोंड बघून. त्यात तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. संशयित भाग पांढरा उठतो, तिथलाच कण बायोप्सीला जातो. सीआयएन १, म्हणजे सौम्य बिघाड, आला तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात, ते बऱ्याचदा आपोआप जातं. सीआयएन ३, म्हणजे तीव्र बिघाड, मात्र अंगावर काढू नये. न्यूझीलंडमध्ये नीट उपचार न झालेल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला.

कापल्यानं पसरतो? पूर्वस्थितीत बिघाड वरच्या थरापुरता असतो. त्या थरात रक्तवाहिन्याच नाहीत, तर पसरणार कुठून? बिघडलेला भाग कापून काढायच्या ‘लीप’ या उपचारात भूल त्या जागेपुरतीच. वीज सोडलेल्या बारीक तारेच्या लूपनं साधारण सेंटीमीटरभर खोल, बिघडलेला तेवढाच भाग काढतात आणि कडा स्वच्छ आहेत का ते पॅथॉलॉजीत बघतात. डाग छोटा आणि पूर्ण दिसत असेल तर क्रायोनं (अतिथंडीनं) गोठवून किंवा थर्मल अब्लेशननं (उष्णतेनं) जाळूनही भागतं. फक्त मग तपासायला तुकडा उरत नाही.

मुलाबद्दलच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. दिवस राहायला सहसा अडचण येत नाही, पण खोल किंवा पुन्हा पुन्हा कापलं तर वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो. म्हणून तर कमीत कमी भाग काढायचा. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

राग येतो तो शेवटच्या वाक्याचा. बायोप्सी न करता पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर ते साधं ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा उपचार अवघड होतो. पूर्वस्थितीसाठी पिशवी काढली तरी पुढची तपासणी चुकत नाही, मग कटकट मिटली कुठं? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या आरोपांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्याच भागातल्या टोळ्या दर हंगामाला आपल्या सांगलीकडच्या साखर कारखान्यांवर येतात, आणि मोबाइल त्यांच्याकडेही आहेत.